कागदावरचं कॉलेज

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या की लातूर-नांदेड पट्ट्यातल्या कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांत शिपायाला दिवसभर एकच प्रश्न ऐकावा लागतो : "काका, केमिस्ट्रीची लॅब कुठंय?" विचारणारं पोरगं परगावचं पाहुणं नसतं. त्याच कॉलेजचं असतं. दोन वर्षं त्याचं नाव तिथल्या पटावर आहे, हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या वर आहे, आणि कॉलेजच्या पायऱ्या ते आज बहुधा पहिल्यांदाच चढतंय.

बहिःस्थ परीक्षक म्हणून मी अशा प्रयोगशाळांत बसलो आहे. एका तालुक्याच्या गावी परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन होतं. समोर एक मुलगी उभी. हुशार, हे तिच्या बोलण्यावरूनच कळत होतं. "ऑक्झॅलिक आम्ल आधी गरम का करतात?" असं विचारलं तर तिनं कारण सांगितलं, तापमानही सांगितलं, एका दमात. मग म्हटलं, कर गरम. तिनं बर्नरकडे पाहिलं, काडेपेटीकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे. बर्नर कसा पेटवायचा, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. ब्युरेटची तोटी तिनं पूर्ण उघडली, जांभळं द्रावण भसकन खाली आलं आणि फिकट गुलाबीच्या जागी सगळा फ्लास्क गर्द जांभळा झाला. तिचं जर्नल मात्र देखणं होतं. तिन्ही रीडिंग एकसारखी, ब्युरेटचं स्थिर रीडिंग (सीबीआर) चौकटीत, खाली शिक्षकांची लाल सही आणि मागच्या वर्षीपासूनच्या तारखा. तिला तीसपैकी एकोणतीस गुण मिळणार, हे तिला माहीत होतं, तिच्या सरांना माहीत होतं आणि मलाही.

या मुलीचा काडीचाही दोष नाही. तिला इथवर आणणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांबद्दल मला बोलायचं आहे.

ज्याला आपण 'टाय-अप' म्हणतो तो व्यवहार काय असतो, ते आधी नीट पाहू. दहावी झाली की मूल लातूरला उद्योग भवनच्या मागे नाहीतर नांदेडला श्यामनगर-बाबानगरच्या बाजूला क्लासला जातं. पण 'नीट' या परीक्षेतून वैद्यकीय प्रवेश घ्यायचा तर बारावी पास हवी, बारावीला बसायचं तर कुठल्या तरी कनिष्ठ महाविद्यालयात नाव हवं. म्हणून अकरावीचा प्रवेश घेतला जातो एखाद्या तालुक्याच्या, नाहीतर आडवळणाच्या गावच्या कॉलेजात. तिथं हजेरी लागत राहते, मूल लातुरात राहतं. क्लासला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा पूर्ण दिवस मिळतो. पालकाला प्रमाणपत्र मिळतं. आणि कॉलेजला काय मिळतं? तिथंच तर खरी मेख आहे. शिक्षकांची पदं ठरतात संचमान्यतेवर, संचमान्यता ठरते पटावर. पट भरला तर तुकडी टिकते, तुकडी टिकली तर पद टिकतं, आणि पदाचा पगार येतो सरकारी तिजोरीतून. म्हणजे ज्या वर्गात कुणी बसत नाही तो वर्ग शिकवण्याबद्दल पगार मिळतो, आणि वर्गात कुणी बसत नाही म्हणूनच तर पट भरतो. प्रत्यक्ष येणाऱ्या मुलांवर तुकडी चालवायची म्हटली तर गावोगावी फिरून मुलं आणावी लागतील आणि आणल्यावर शिकवावंही लागेल. त्यापेक्षा हे सोपं.

सगळीच कॉलेजं अशी नाहीत, हे मला ठाऊक आहे. रोज तास घेणारे, प्रयोग करून घेणारे शिक्षक मराठवाड्यात आहेत आणि त्यांना सहकारीच हसतात, हेही मी पाहिलं आहे. "सर, कशाला जीव काढता? पोरं तर लातूरला आहेत."

शासनाला यातलं काहीच कळत नाही असं नाही. २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी घेण्याचा आदेश निघाला, तो नेमक्या याच दुखण्यावर. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नको, रँकची हमी नको, मध्येच सोडणाऱ्याला उरलेली फी परत द्या. त्या सूचना निघाल्यानंतरही आठवी-नववीच्या 'फाउंडेशन' बॅचचे फलक आपल्या चौकाचौकांत आहेतच. ते बघून कुठल्या पालकाने फोन करायचा सोडला? आदेश काढणारा एक खोटं बोलतो, पाळणारा दुसरं बोलतो, आणि ज्याच्या लेकरासाठी हे सगळं चाललंय तो बाप दोन्ही खोट्यांवर सही करतो. सोळाव्या वर्षी मूल पाहतं की आपली खोटी हजेरी लावणारे सर गावात मान मिळवून आहेत, ती लावून घेणारे वडील देवभोळे आणि सचोटीचे म्हणून ओळखले जातात, आणि कुणालाही यात वावगं वाटत नाही. उद्या हाच मुलगा सरकारी दवाखान्यात नेमणूक घेईल, मस्टरवर सह्या करील आणि दिवसभर स्वतःच्या खासगी दवाखान्यात बसेल. तेव्हा आपण संतापाने म्हणू, डॉक्टर जागेवर नसतो. त्याला हे शिकवलं कुणी?

लातूर पॅटर्न नावाची गोष्ट अशी जन्मली नव्हती, आणि हे आज विशी-पंचविशीत असलेल्यांना सांगावं लागतं. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झालं, डॉ. जनार्दन वाघमारे तिथले पहिले प्राचार्य. दयानंद त्याच्याही आधीचं. पुढं नव्वदच्या दशकात राज्याच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना नकाशा उघडून हे गाव शोधावं लागलं. ती किमया घडली कॉलेजातच आणि केली कॉलेजच्या शिक्षकांनीच. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग प्रश्नपत्रिकांमागून प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या, सुट्टीच्या दिवशीही तास घ्यायचे. १९९३ च्या भूकंपाने किल्लारी-सास्तूरचा भाग जमीनदोस्त केला, त्याच काळात या जिल्ह्यातले शिक्षक हे करत होते. त्या घामाची किंमत मी कमी करणार नाही.

पण किडीचं अंडं तेव्हाच घातलं गेलं होतं, हेही बोललं पाहिजे. निवडक हुशार मुलांची वेगळी तुकडी करायची, चांगले शिक्षक तिथं लावायचे आणि त्या मूठभरांच्या टक्क्यांवर साऱ्या जिल्ह्याचं नाव मिरवायचं, ही रीत तिथूनच आली. बाजाराने नंतर तेवढीच उचलली. शिक्षकाचं राबणं मागे राहिलं, निवड पुढं गेली.

त्या निवडीचं फळ आकड्यांत बघायचं असेल तर २०२५ चा निकाल काढा. दहावीला राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यातले ११३ एकट्या लातूर विभागीय मंडळाचे, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांचे. पेढे वाटले गेले, सत्कार झाले, पालकमंत्र्यांच्या हस्ते शाली पडल्या. त्याच वर्षी त्याच विभागाचा दहावीचा एकूण निकाल होता ९२.७७ टक्के, राज्याच्या ९४.१० पेक्षा कमी. आणि बारावीत? ८९.४६ टक्के. राज्यातल्या नऊ विभागांत सर्वांत खाली. शंभर टक्क्यांची निम्म्याहून जास्त पोरं आमची, आणि बारावी नापास होण्याचं प्रमाणही सगळ्यांत जास्त आमच्याकडेच. हे दोन्ही आकडे एकाच विभागाचे, एकाच उन्हाळ्यातले. पहिला तुम्हाला पाठ आहे. दुसऱ्यावर एकाही संस्थेने बैठक बोलावल्याचं तुम्ही वाचलं का? ज्या गावच्या वर्तमानपत्रांना शंभर टक्केवाल्यांच्या पुरवण्या काढायला जागा पुरत नाही, तिथं शेवटून पहिल्या नंबराची बातमी आतल्या पानावर एका रकान्यात उरकते.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात त्यांचा रोख हाच होता. सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा ओतत होतं आणि ते ज्ञान आपोआप खाली झिरपेल असं म्हणत होतं. जोतीरावांनी म्हटलं, झिरपत नाही, हा शेतसारा ज्यांच्याकडून घेता त्यांच्या पोरांना आधी शिकवा. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. फुल्यांचा फोटो आपल्या प्रत्येक शाळेच्या कार्यालयात आहे. त्या फोटोखाली बसून आपण 'टॉपर बॅच' वेगळी काढतो. गंमत अशी की हा पाझर आता परक्या सरकारचा नाही. शेतकऱ्याच्याच लेकरांत आपणच तो लावला आहे. सोयाबीन विकून फी भरणाऱ्या शंभर बापांच्या पैशावर दहा निवडकांची विशेष बॅच चालते, अनेकदा तर त्या दहांना फी माफ असते, वर बक्षीसही. शेवटच्या बाकावरचा मुलगा हा त्या बॅचचा खर्च भागवण्यापुरता तिथं असतो. हे त्याला कुणी सांगत नाही, त्याच्या बापालाही नाही.

त्या बापाला आणखी एक हिशेब कुणी सांगत नाही. २०२५ मध्ये नीटला सुमारे २२ लाख ९ हजार मुलं बसली. 'पात्र' ठरली १२ लाख ३६ हजारांच्या आसपास. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या जवळपास, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. त्या वर्षी खुल्या गटात पात्र ठरायला ७२० पैकी १४४ गुण पुरले, म्हणजे वीस टक्के. आता क्लासच्या फलकावर 'आमचे इतके विद्यार्थी नीट पात्र' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ लावा. पात्र म्हणजे डॉक्टर नव्हे. पात्र म्हणजे एवढंच की बापाकडे भरपूर पैसा असेल तर खासगी कॉलेजचं नाहीतर परदेशातल्या कॉलेजचं दार ठोठावता येईल. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, देवणीकडच्या कास्तकाराला हा फरक माहीत नसतो. त्याला माहीत असलेल्यांनी तो सांगितलेला नसतो. त्या फलकावर किती निवडले ते असतं, किती बसले होते ते कधीच नसतं. एकाच पोराचा फोटो दोन-तीन क्लासच्या फलकांवर दिसतो, हे आपण हसून सोडून देतो. दुकानदाराने मापात मारलं तर आपण भांडतो, इथं लेकराची दोन वर्षं मापात मारली जातात आणि आपण फलकाखाली उभं राहून फोटो काढतो.

क्लासच्या मुलांच्या भाड्याच्या खोलीत जाऊन बघा एकदा. दहा बाय बाराची खोली, तीन-चार कॉट, भिंतीवर आवर्त सारणी आणि एखादं स्टिकर, डब्यातली गार झालेली भाजी. रात्री अकराला अभ्यासिकेतून आलेला मुलगा आईशी फोनवर बोलतो तेव्हा आवाज बारीक करतो, कारण कालच्या टेस्टमध्ये सव्वातीनशे पडलेत आणि शेजारच्या कॉटवरच्याला पाचशे. आई विचारते, "जेवलास का?" बाप मागून विचारतो, "किती पडले?" पुढच्या वर्षी तो 'रिपीटर' होतो. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. गावात आल्यावर चावडीवरचा प्रत्येक जण त्याला मार्क विचारतो, म्हणून तो दिवाळीलाही गावाकडे येईनासा होतो. एकविसाव्या वर्षी त्याच्या हातात बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय काही नसतं, आणि ते प्रमाणपत्रही न पाहिलेल्या कॉलेजचं.

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी आले म्हणून एका शिक्षक बापाने मुलीला मारलं आणि ती मुलगी गेली. दहावीला तिला नव्वदच्या वर टक्के होते. आपण सगळे हळहळलो, बापाला राक्षस म्हणालो आणि मोकळे झालो. राक्षस म्हटलं की तो आपल्यातला राहत नाही, हे बरं असतं. पण त्याच्या हातात काठी देणारा जो विचार आहे, की या एका परीक्षेत पडलेलं मूल म्हणजे घराण्याची नाचक्की, तो विचार आपल्या प्रत्येक लग्नसमारंभात, प्रत्येक वास्तुशांतीत पंगतीला बसलेला असतो. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी सूचना दिल्या. शंभर आणि त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं टाळा. दुसरी सूचना वाचून आपल्याकडच्या क्लासचालकांना हसू आलं असेल. गुणांवरून तुकड्या पाडल्या नाहीत तर मग धंदा तो काय उरला?

आणि हा धंदा आहे, हे आता लपवण्यात अर्थ नाही. जून २०१८ मध्ये लातुरात एका क्लासचालकाचा भर रस्त्यात गोळ्या घालून खून झाला. पोलिसांनी व्यावसायिक स्पर्धेतून सुपारी दिल्याचा आरोप ठेवून दुसऱ्या क्लासचालकाला पकडलं. जून २०२४ मध्ये नीटच्या गैरप्रकारात लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या दोन शिक्षकांची नावं त्यात आली आणि तपास सीबीआयकडे गेला. न्याय न्यायालय करील. त्या आठवड्यात आपल्या कट्ट्यांवर काय बोललं गेलं, ते मात्र आपणच ऐकलं आहे. "शिक्षक असून असं?" असं म्हणणारे थोडे होते. "रेट किती होता म्हणे?" हे विचारणारे जास्त होते. आणि काही सभ्य, सुशिक्षित, पांढरपेशी माणसं आवाज खाली घेऊन म्हणाली, "आपल्याला वेळेवर कळलं नाही."

विद्यापीठाच्या दारापर्यंत मुलाला नेण्याची तयारी म्हणजे काय, याचा आपण विचारच केला नाही. सगळी तयारी एका परीक्षेच्या तीन तासांत कोंबली. त्या परीक्षेबाहेरचं जग आपल्या मुलांना आंधळ्या भिंतीसारखं वाटतं, कारण त्यांना तिकडे कुणी नेलंच नाही. एक साधी गोष्ट घ्या. जातवैधता प्रमाणपत्र. प्रवेश फेरी सुरू झाल्यावर ऐनवेळी धावणारी मुलं दरवर्षी दिसतात. इतर मागासवर्गीय मुलाला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीच्या मुलाला १९५० च्या आधीचा. आपल्या भागात तो काळ म्हणजे एक तर निजामाचा किंवा त्याच्या लगोलगचा. खासरा पत्रक उर्दूत, शाळेचा दाखला उर्दूत, ते वाचणारा माणूस तालुक्याला एखादाच. हे काम अकरावीच्या पहिल्या महिन्यात सुरू करायचं असतं. पण अकरावीच्या पहिल्या महिन्यात मूल कॉलेजात असतंच कुठं, की कुणी त्याला हे सांगेल? क्लासला याच्याशी देणंघेणं नाही. कॉलेजने तर तोंडच पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट. २०२४-२५ पासून राज्याने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. या घोषणेची जाहिरात भरपूर झाली, तरी खेड्यातल्या घरांत अजून ऐकायला मिळतं : "पोरीला इंजिनिअरिंगला कुठून घालावं, परवडत नाही." अनुसूचित जातीच्या मुलांना बाहेरगावी राहण्याजेवणासाठी स्वाधार योजना आहे, ज्यांना तिची गरज आहे त्यांच्यापैकी किती जणांना अर्जाची तारीख माहीत असते?

आणि वाटा? उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, तिथून हाकेच्या अंतरावर वैद्यकीय महाविद्यालय. बाबानगरच्या खोलीत दोन वर्षं काढलेल्या मुलांपैकी किती जणांनी ती आवारं आतून पाहिली आहेत? निजामाच्या काळात आपली माणसं शिकायला हैदराबादला जात. आज हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो, नांदेडहून गाडीने जाता येतं. पण सीयूईटी हे नाव आपल्या तालुक्याच्या कॉलेजात एखाद्या प्राध्यापकाला विचारा. तो म्हणेल, "सीईटी म्हणायचंय का तुम्हाला?" इतिहास, अर्थशास्त्र, भाषा, कायदा, मूलभूत विज्ञान यांच्याकडे जाणारं मूल आपण नापासांच्या रांगेत उभं करतो.

हे त्या नांदेडात, जिथं स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९५० मध्ये पीपल्स कॉलेज उभं राहिलं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी या संस्था निजामाच्या नाकावर टिच्चून चालवल्या गेल्या, त्या मराठीतून शिकता यावं आणि माणूस ताठ मानेने उभा राहावा म्हणून. त्याच पीपल्स कॉलेजचे पुढे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते. आजच्या नांदेडात त्यांना कुठल्या बॅचला बसवलं असतं, याची कल्पना करा. रिपीटरच्या.

मराठवाड्यावर अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. वैद्यकीय प्रवेशातला ७०:३० चा प्रादेशिक कोटा आपल्या मुलांच्या मुळावर उठला होता, कारण कॉलेजं बाकी महाराष्ट्रात जास्त आणि इकडे कमी. तो सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला, तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री लातूरचेच होते. आरक्षणासाठी या मातीतून उठलेलं आंदोलन साऱ्या राज्याने पाहिलं. जागेसाठी लढणं हक्काचं आहे. पण ज्या त्वेषाने आपण जागेसाठी रस्त्यावर येतो, त्याच्या शतांशानेही कधी आपल्या तालुक्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा उघडायला लावली का? कुलूपबंद लॅबच्या दारात एखादा रास्ता रोको झाला का? एकाही संघटनेच्या, कुठल्याही जातीच्या मागण्यांच्या यादीत 'अकरावीचे तास घ्या' ही मागणी माझ्या वाचनात नाही.

डॉक्टर घडवणारी गावं म्हणून आपण लातूर-नांदेडचा अभिमान मिरवतो, तर एक प्रसंग आठवायलाच हवा. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यातली बारा नवजात बाळं होती. औषधं नव्हती, माणसं नव्हती, अशा तक्रारी झाल्या. एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि त्याचं चित्रीकरण देशभर फिरलं. आठ दिवसांनी सगळं शांत झालं. याच कॉलेजचा कटऑफ आपल्या पालकांना दशांशापर्यंत पाठ असतो. तिथल्या नवजात कक्षात परिचारिका किती, हे कुणी विचारत नाही. ज्या शहरातून वर्षाला शेकडो मुलं एमबीबीएसला जातात म्हणून फटाके वाजतात, त्या शहराच्या सरकारी दवाखान्यात बाळं मरतात आणि त्या शेकडोंपैकी कुणी परत आलं का, याची मोजदाद कुठलाच क्लास, कुठलंच कॉलेज, कुठलीच संस्था ठेवत नाही. ठेवणार तरी का? पोरगं डॉक्टर व्हावं म्हणताना आजारी माणूस आपल्या डोळ्यांपुढे कधी होता?

"मग आम्ही काय करावं? क्लास लावू नये? सगळे पळताहेत, आमचंच पोरगं मागं राहील." हा सवाल येणार, आणि विचारणारा बाप प्रामाणिक असतो. त्याला मी एवढंच म्हणेन, क्लास लावा, पण फी भरायच्या आधी दोन आकडे लेखी मागा : गेल्या वर्षी किती मुलं बसली आणि त्यातली किती सरकारी जागेवर लागली. दुसरा आकडा तोंडपाठ असेल, पहिला मागितल्यावर काय उत्तर येतं ते ऐका. पोराचं नाव ज्या कॉलेजात आहे तिथं, कुठल्याही मंगळवारी, अकरा वाजता, न कळवता जा. अकरावी विज्ञानाचा वर्ग कुठं भरलाय ते विचारा. भरलेला नसेल तर हजेरीपट मागा आणि आपल्या पोराच्या नावापुढच्या त्या दिवसाच्या खुणेवर बोट ठेवून प्राचार्यांना विचारा, साहेब, माझं पोरगं तर लातुरात आहे, मग आज इथं हजर कोण आहे आणि त्याच्या नावावर पगार कोण उचलतंय?